भोके मोजणाऱ्या भिंगकाकू

हे विश्वंभरा, तू डोंगर उभे केलेस, समुद्र भरलेस, त्याचे गोडवे सारे जग गाते. पण माणसाच्या रक्ताच्या एका थेंबात तू जे लपवून ठेवलेस, त्यापुढे वाणी थबकते. जो शत्रू अजून उंबरठ्यावर आलेला नाही, त्याला ओळखणारा पहारेकरी तू आधीच घडवून ठेवतोस. लेकराला ना दुनिया ठाऊक, ना दुखणे ठाऊक, आणि त्याच्या देही अगणित आकारांची प्रतिपिंडे घडवण्याची विद्या तू पेरलेली. त्या विद्येला वंदन करून, तिच्या दारात रोज बसणाऱ्या एका साध्या बाईची ही कथा.

त्यांना सगळे भिंगकाकू म्हणतात. वय छप्पन्न, अंगकाठी किरकोळ, बोलणे मोजके, नजर मात्र घारीची. तरुणपणी त्या कापडगिरणीच्या तपासणी खात्यात होत्या. खालून उजेड असलेल्या काचेवरून कापड सरकत जायचे आणि काकूंनी त्यातले भोक, तुटका धागा, तेलाचा डाग हेरून खडूने खूण करायची. वीस वर्षे हेच. गिरणीला टाळे लागले, तेव्हा विषाणूंच्या प्रयोगशाळेत बारीक नजरेचे माणूस हवे असल्याचे कळले. काकू गेल्या, पुढे ठेवलेली प्लेट उजेडावर धरली आणि म्हणाल्या, "हेही कापडच की." त्या दिवसापासून त्या तिथल्या झाल्या.

कापडच ते, सज्जनहो, पण जिवंत. तळहाताएवढ्या प्लेटीत चोवीस छोट्या वाट्या. प्रत्येक वाटीच्या तळाशी एकीला एक बिलगलेल्या पेशींचा थर, घट्ट विणीचा. डासाच्या सोंडेतून माणसात येणारा विषाणू त्या थरावर सोडला की तो एका पेशीत शिरतो, तिला पोखरतो आणि शेजारणीचे दार ठोठावतो. वर दाट रसाचे पांघरूण घातलेले, म्हणून त्याला दूर पोहता येत नाही. नासधूस करायची ती शेजारीपाजारीच. पाच-सहा दिवसांनी वाटीत जांभळा रंग ओततात. जिवंत पेशी रंग धरतात, मेलेल्यांच्या जागी पांढरी भोके उरतात. एक भोक म्हणजे आत घुसलेला एक विषाणू. मात्र त्याच विषाणूत, तापातून उठलेल्या माणसाच्या रक्तातला पिवळसर द्रव आधी तासभर मिसळून ठेवला, आणि त्यात नेमकी प्रतिपिंडे असली, तर जांभळा थर अखंड राहतो. भोके मोजायची आणि शरीराने कोणाला अडवले ते सांगायचे, हे काकूंचे काम.

अखंड जांभळी वाटी दिसली की काकू मनातल्या मनात हात जोडत. विषाणू डोळ्यांना दिसत नाही, प्रतिपिंड दिसत नाही, पण त्यांच्या झुंजीचा निकाल असा लख्ख समोर पडलेला. घरी हे सारे सांगताना त्यांना भान राहत नसे. सून हसून म्हणायची, "आई, सुनेत खोट सापडेना, म्हणून तुम्ही भोकं मोजायची नोकरी धरलीत." काकू म्हणायच्या, "खोट सापडली नाही असं कोण म्हणालं? मोजायची सोडून दिली."

अशा हसत्या घरात सुनेला चौथा महिना लागला आणि तिला ताप आला. अंगावर पुरळ उठले, सांधे धरले. चार दिवसांत ताप उतरला. पण काही आठवड्यांनी दवाखान्याने रक्त तपासले, तेव्हा डेंग्यू आणि झिका, दोन्हींच्या नावापुढे होकार आला. डेंग्यू येऊन गेला असेल, तर आता भीतीचे कारण नव्हते. झिका असेल, तर तो आईला हलक्या तापावर सोडतो, पण कधी कधी पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो. मुलगा ते कागद उलटेसुलटे वाचत राहिला. सून विनोद करायची थांबली.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी काकूंना समोर बसवून समजावले. दोन्ही विषाणू एकाच कुळातले, अंगरखे सारखे दिसणारे. एकासाठी घडलेले प्रतिपिंड दुसऱ्याच्या अंगरख्यालाही हात लावते, म्हणून झटपट तपासणी फसते. खरे प्रतिपिंड नेमकी ती जागा पकडते, जिच्या बळावर विषाणू पेशीला चिकटतो किंवा आत गेल्यावर स्वतःला उघडतो. ती जागा धरली की विषाणू जागच्या जागी निकामी.

"काकू, हात लावणं वेगळं आणि अडवणं वेगळं," त्या म्हणाल्या. "रक्तानं कोणाला अडवलंय ते फक्त तुमच्या प्लेटी सांगतील."

काकूंनी मान खाली घातली. नात्यातल्या माणसाचा नमुना आपण मोजायचा नाही, हा नियम त्यांनीच इतरांना शिकवलेला. पण दुसरी मोजणारी बाळंतपणाच्या रजेवर होती आणि सुनेसह बारा गर्भवतींचे नमुने आलेले. थांबले तर बाराही जणींचे दिवस वाया. डॉक्टरबाईंनी तोड काढली. नावे काढून फक्त क्रमांक ठेवायचे, यादी नोंदणी खात्याच्या कपाटात बंद. काकूंनी मोजावे, मग डॉक्टरबाईंनी स्वतः मोजावे. दोन आकडे जुळले तरच कागदावर जातील.

सहाव्या दिवशी प्लेटी उजेडावर आल्या, प्रत्येक क्रमांकाची एक. वरच्या ओळींत डेंग्यूशी झुंज, खालच्या ओळींत झिकाशी. काकूंनी पेन घेतले, वाटीच्या पाठीमागे प्रत्येक भोकावर ठिपका ठेवत मोजू लागल्या. आणि मोजता मोजता त्यांच्या ध्यानात आले की आज सारे उलटे झाले आहे. खालच्या ओळीतली वाटी अखंड जांभळी असली, तर त्या आईच्या रक्ताने झिकाला ओळखले, म्हणजे झिका तिच्या घरी येऊन गेला. भोकेच भोके असली, तर त्या रक्ताने त्याचे तोंडही पाहिलेले नाही. ज्या बाईने उभ्या जन्मात भोकांचा दुस्वास केला, ती आज देवापाशी भोके मागत होती. आपली कोणती ते ठाऊक नाही, म्हणून बाराही जणींसाठी मागत होती. केवढी ही करुणा, दयाघना! एक क्रमांक झाकलास आणि एका सासूच्या पदराखाली बारा लेकी आणून बसवल्यास.

पहिल्या सहा जणींच्या खालच्या ओळी फाटक्या निघाल्या. सातवी आली आणि काकूंचा हात थांबला. खालची ओळ जवळजवळ सगळी स्वच्छ, गडद, अखंड. एकाच वाटीत सात-आठ पांढऱ्या खुणा. त्या भोकांत धरल्या, तर निकाल डळमळीत होणार, निर्णय लांबणीवर जाणार. काकूंना त्या खुणा भोके म्हणून हव्या होत्या. ही आपलीच असेल, असे मन ओरडत होते. त्यांनी भिंग डोळ्याला लावले. विषाणूच्या भोकाची कड गोल आणि विरलेली असते, वाळवीने खाल्ल्यासारखी. या खुणांच्या कडा सरळ होत्या, रांगेत होत्या. द्रव सोडताना नळीचे टोक तळाला घासले होते, एवढेच. गिरणीतली वीस वर्षे त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांत उभी राहिली आणि खोटे बोलू देईनात. काकूंनी कागदावर लिहिले: भोके शून्य, ओरखडे.

पुढे अकरावीही तशीच निघाली. उरलेल्या फाटक्या.

दुपारी डॉक्टरबाईंनी मोजले. आकडे जुळले. कपाट उघडले, यादी आली. सुनेचा क्रमांक चौथा होता: डेंग्यूच्या ओळी जांभळ्या, झिकाच्या ओळी चाळणी. काकूंनी विचारले, "आणि सातवीचं काय?"

डॉक्टरबाईंनी सांगितले की तिला आजच निरोप जाईल, अकरावीलाही. दोघींच्या बाळांची सोनोग्राफी ठरावीक आठवड्यांनी होत राहील. झिका होऊन गेलेल्या बहुतेक आयांची बाळे धडधाकट जन्मतात, पण पहारा वेळेवर बसवावा लागतो. मग त्या म्हणाल्या, "ते ओरखडे तुम्ही भोकं म्हणून धरले असते, तर तिच्या नशिबी पुन्हा वाट पाहणं आलं असतं."

घरी सून दारातच उभी होती. काकूंनी चपलाही काढल्या नाहीत.

"डेंग्यूच होता गं. झिका नाही."

सून हसली, रडली, पुन्हा हसली. "आई, डेंग्यू झाल्याचे पेढे वाटणारं आपलं पहिलंच घर असेल."

"वाट हवे तर. पण मच्छरदाणी सोडशील तर माझ्याशी गाठ आहे. एकाच जातीच्या डेंग्यूला ओळखलंयस, त्याचे आणखी तीन भाऊ मोकळे फिरतायत." एवढे बोलून काकू आत गेल्या आणि देवापुढे बसल्या. त्या दोन अनोळखी लेकींसाठी त्यांनी जे मागितले, ते त्यांनाच ठाऊक.

हे अंतर्यामी, ज्या बाईने आपल्या माणसासाठीही आकडा वाकवला नाही, तिच्या डोळ्यांचे तेज राख. तिच्या सुनेची कूस सुखाची होवो, तिच्या लेकाच्या कपाळावरची आठी पुसली जावो, येणाऱ्या जिवाला दीर्घायुष्य लाभो. सातवीच्या आणि अकरावीच्या अंगणातही बाळपावले दुडदुडोत. आणि या घराचा दिवा, तुझ्या कृपेच्या आडोशाला, अखंड तेवत राहो.