कोपीपुढची बाज

शिमोनमामा गेल्याचा फोन रूथनं केला. रूथ म्हणजे मामांची सून, दाविदची बायको. "ताई, मामंजी आमच्या दारात गेले," एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. ज्या दारानं तीन वर्षं मामांना आत घेतलं नव्हतं, त्याच दारात... याला आता दीड महिना झाला. लिहायला बसले की डोळे भरतात आणि मागोमाग रागही येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मामांवर मी ते असताना एवढी रागावले आहे, की आता एकदम थांबणं जमत नाही.

मामा माझ्या आईचे थोरले भाऊ. शिरूर कासारजवळच्या आमच्या वस्तीतल्या पत्र्याच्या चर्चचे उपदेशक आणि गावच्या दूध सोसायटीचे सचिव. वाट पाहण्यात त्यांचा हात धरणारा माणूस मी पाहिला नाही. दसरा झाला की आमची निम्मी वस्ती ऊसतोडीला जायची, ती थेट गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायची. मग नाताळ करायचा कुणाबरोबर? मामांनी सांगून टाकलं, शेवटची बैलगाडी परत आल्याशिवाय नाताळ नाही. त्यामुळे आम्ही पोरं भर उन्हाळ्यात, घामाघूम होत नाताळच्या करंज्या खायचो. तुमचा देव उन्हाळ्यात कसा काय जन्मतो, म्हणून गावातली मंडळी चेष्टा करायची. सगळी माणसं येईपर्यंत देवच थांबतो, म्हणून मामा हसायचे. वाट पाहणं हीच मोठी प्रार्थना, असं त्यांनी आम्हाला शिकवलं, आणि मला ते फार आवडायचं.

मग तो दुष्काळ आला. सोसायटीनं चारा छावणी उघडली. दावणीला जागा कमी आणि जनावरं जास्त, म्हणून चिठ्ठ्या देऊन नंबर लावले. दाविदनं सकाळपासून रांगेत उभं राहून आपल्या बैलजोडीचा नंबर लावला होता, कुणाच्याही ओळखीवर नाही. पण सचिवाच्या पोराचे बैल पहिल्याच दिवशी आत गेले तर लोक काय म्हणतील? मामांनी सगळ्यांदेखत त्याची चिठ्ठी घेतली आणि गठ्ठ्याच्या तळाशी घातली. आपलं जनावर शेवटी, जरा धीर धर, म्हणाले. दाविदनं धीर धरला. नवव्या दिवशी त्याचा एक बैल छावणीच्या फाटकाबाहेर बसला, तो उठलाच नाही. ऊसतोडीची गाडी ओढणारी जोडी ती. एक गेल्यावर दुसरा काय कामाचा? "धीर तुमचा, अन् बैल माझा," एवढंच दाविद बापाला म्हणाला. उरलेला बैल विकून तो रूथला घेऊन तेलगावकडे गेला आणि तिथंच एका मळ्यात कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, घालून राहिला.

त्या साली शेवटची गाडी परत आली, पण दाविद आला नाही. मामांनी नाताळ थांबवला. पाडवा गेला, आंबे संपत आले, लोक कुरकुरायला लागले आणि शेवटी त्यांनी मामांना वगळूनच नाताळ उरकला. मी बीडला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. रजा काढून गेले, तर मामा आपल्या उंबऱ्यावर रस्त्याकडे डोळे लावून बसलेले. जाऊन त्याची माफी का मागत नाही, असं मी विचारलं. देव त्याचं मन वळवील, आपण वाट पाहायची, म्हणाले. माझा तोल गेला.

"मामा, ही वाट पाहणं न्हाई, हा हट्ट हाय. चूक तुमची, अन् यायचं त्यानं?"

 पुढची दोन वर्षं मामा माझ्याशीही तुटकच वागले. इतकं बोलायला नको होतं असं मला कितीदा वाटलं, पण शब्द मागे घ्यावासाही वाटला नाही.

आणि एक दिवस अचानक त्यांचा फोन. "पोरी, तेलगावची गाडी कितीला असती गं?"

पहिल्यांदा गेले तेव्हा दाविदनं कोपीचं दार लोटून घेतलं. मामांनी बाहेरूनच आपली चूक बोलून दाखवली आणि दुपारच्या गाडीपर्यंत समोरच्या दगडावर बसून राहिले. पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. मग दर महिन्याला. परतताना बीडला माझ्याकडे उतरायचे, पायाला तेल लावून मागायचे. आता हे कसलं वाट पाहणं, असं मी एकदा विचारलंच. म्हणाले, "आधी मी मालकावानी वाट बघायचो. आता दारात बसून बघतो. लई अवघड हाय गं, पोरी... पर प्रार्थना आत्ता कुठं जमाया लागली." एकदा मात्र आले ते खुशीत. दगडाच्या जागी कुणीतरी बाज टाकून ठेवली होती. पुढं बाजेखाली पाण्याचा तांब्याही दिसायला लागला. तीन वर्षांत मिळालं ते एवढंच, आणि मामांना ते पुरत होतं. मला पुरत नव्हतं. आता माझा राग दाविदवर होता.

शेवटच्या दिवसाची हकीकत रूथनं माती झाल्यावर सांगितली. मामा सकाळच्या गाडीनं आले आणि दमले होते म्हणून बाजेवर आडवे झाले. दुपारी दाविद कोयता घेऊन शेतातून आला. बापाकडे बघत उभा राहिला, मग रूथला चहा टाकायला सांगितलं. ती त्यांना हाक मारायला निघाली, तर त्यानंच अडवलं. "झोपू दे. उठल्यावर बोलतो." आणि तो बाजेच्या पायथ्याशी बसला. चहा निवला तरी बसूनच होता.

मागच्या आठवड्यात मी तेलगावला जाऊन आले. बाज अजून बाहेरच आहे. उन्हानं सुतळी सैल पडली आहे, पण दाविद ती आत घेऊ देत नाही. मी गेले तेव्हा तो पायथ्याशीच बसला होता.  माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ताई, तू दवाखान्यातली हायस. मी आलो तवा बाबा जित्ते व्हते का?"

दाविद शेतातून यायच्या तासभर आधी मामांच्या अंगावरची माशी हाकलताना रूथचा हात त्यांच्या हाताला लागला होता. हात गार लागला, सावलीत झोपलेत म्हणून असेल असं तिला वाटलं. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं.

मी त्याच्या शेजारी बसले. उशाकडची बाजू दोघांनीही मोकळीच ठेवली.