मामंजींची अर्धी जोडी

व्यायामात फिरवायचा जुना लाकडी मुद्गल विकत घेण्याआधी आमचे मामंजी त्याचा वास घेत. मुठीपाशी नाक नेऊन, डोळे मिटून, आंबा हुंगावा तसा. मग बोटांच्या पेरांनी लाकूड ठोकून बघत आणि घामाने काळी पडलेली मूठ हातात धरून नुसते उभे राहत. विकणारा कंटाळून घरात निघून जाई. "नवी वस्तू हाताला ओळखत नाही," असे त्यांचे म्हणणे. खरे कारण असे, की ठाण्याच्या कचेरीतल्या कारकुनाला सुताराकडून नवी शिसवी जोडी करवून घेणे परवडत नव्हते. पण ते त्यांच्या तोंडून कधी यायचे नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा परसातल्या गोठ्याची त्यांनी तालीम करून टाकली होती. बंद पडलेल्या एका आखाड्याची तांबडी माती गाडीभर आणली होती. उचलायची दगडी नाल भिवंडीहून आली होती. टवका उडालेला, म्हणून स्वस्तात मिळालेली. कोनाड्यात शेंदराचा मारुती. सासूबाईंची तक्रार एकच, पण रोजची.

"म्हशीनं आता कुठं राहायचं, ते तरी इकडून सांगावं."

"जोर काढणार असेल तर तिलाही घेऊ," मामंजी म्हणत, आणि सासूबाई हसू लपवायला चुलीकडे तोंड फिरवत.

इतके मुद्गल हुंगून, ठोकून पाहिले, तरी या सगळ्या पसाऱ्यात मुद्गल मात्र एकच होता. त्याची गोष्ट आमच्याच लोकांत घडू शकते. तळ्याकाठी राहणाऱ्या दोघा भावांची वाटणी झाली. पाट, पातेली, देव, सगळे निम्मे निम्मे झाले आणि शेवटी वडिलांच्या मुद्गलांची जोडी उरली. पंचांनी अगदी न्यायाने दोघांना एकेक दिला! एका मुद्गलाने धड व्यायाम होत नाही, हे त्या पाच शहाण्यांपैकी एकालाही सुचले नाही. धाकटे आपला वाटा घेऊन गाव सोडून गेले. थोरल्यांनी आपला मुद्गल मागच्या दाराला टेकण म्हणून लावला होता, तिथून तो मामंजींनी कवडीमोलाने घेतला. जोडीतला एकटा दुसरे कोण घेणार? तेव्हापासून आळीतले लोक त्यांना 'अर्धी जोडी' म्हणू लागले.

पहाटे मी सडा घालायला जाई तेव्हा खाडीवरून धुके आलेले असे. गोठ्यात पणतीचा पिवळा डाग दिसे, मामंजी दिसत नसत. मुद्गल फिरल्याचा घुमारा तेवढा येई, आधी उजव्या हाताचा, मग डाव्या. मी अर्धवट झोपेत असे. आपण कल्याणला आईपाशीच आहोत आणि माजघरात कुणी ताक घुसळते आहे, असे वाटे. त्या परक्या घरात मला पहिल्यांदा आपले वाटले ते त्या आवाजामुळे.

सासऱ्यांशी सुनेने बोलायची तेव्हा रीत नव्हती. पण एकदा जेवताना ते सासूबाईंना म्हणाले, "वय चाललं. एकदा दोन्ही हातांत जोडी घेऊन फिरवायची, एवढीच इच्छा उरलीय. पण धाकटा कुठं राहतो ते थोरले सांगत नाहीत." वाढता वाढता माझ्या तोंडून निघून गेले, "ते कल्याणला, आमच्या शेजारी. पडवीत अस्साच मुद्गल आहे."

सासूबाईंची पळी आमटीतच राहिली. मामंजी म्हणाले, "अगो, सूनबाईला वाचा आहे तर!"

माझ्या भावाच्या मुंजीला ते मला होडीने कल्याणला घेऊन गेले. फडक्यात गुंडाळलेला मुद्गल मांडीवर होता.

"यो सोटा कोनाला माराला नेताव, नाना?" नावाड्याने विचारले.

"मारायला नाही रे, भेटवायला."

भरतीच्या पाण्यावर होडी आपली आपण चालल्यासारखी चालली होती. मिठाच्या राशी धुक्यात पांढऱ्या झाल्या, मग नुसते धुकेच राहिले, आणि मुंब्र्याचा डोंगर पायथ्यावाचून वर तरंगत होता. मामंजी मुद्गलावर हात फिरवत होते. त्यांचे ठरलेले होते: दोन्ही शेजारी ठेवायचे, म्हणजे धाकट्यांनाही जोडी पुरी व्हावीशी वाटेल, आपला मुद्गल मागू त्या किमतीला देतील.

कल्याणला धाकट्यांच्या घरी मी त्यांच्या बायकोपाशी दाराआड बसले होते. धाकटे म्हणजे दम्याने वाळलेला माणूस. त्यांनी आपल्या मुद्गलाला मारुतीशेजारी बसवून शेंदूर लावला होता. फडके सुटताच ते उठले. दोन्ही मुद्गल खांद्यांवर घेतले आणि एकदाच, कसेबसे, फिरवले. खोकत खाली बसले, पण हातातले काही सोडेनात.

"दादानं हा विकला?" त्यांनी विचारले.

त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, मामंजींचा दिसत होता. मामंजी जन्मात खोटे बोलले नव्हते. ते बोलले, "छे हो, विकेल कसा? तुम्हाला पोचवायला दिलाय."

एका वाक्यात त्यांनी इतक्या वर्षांची इच्छा तिथे ठेवून दिली, आणि पाणी पिऊन उठले.

परतताना होडीत ते म्हणाले, "लबाड बोललो ना गं मी?"

"हो," मी म्हणाले. ते इतके हसले की नावाडीही हसू लागला.

थोरले पुढे कल्याणला गेले की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या गोठ्यातला घुमारा थांबला. मामंजी पहाटे रिकाम्या मुठींनीच जोडी फिरवत. आळीतले लोक त्यालाही हसले. मला मात्र ते बघताना अभिमानाने भरून येई.

शेवटच्या दुखण्यात त्यांची शुद्ध गेली होती. उजाडता उजाडता त्यांच्या मुठी वळल्या आणि दोन्ही हात अंथरुणावर फिरू लागले, एक पुढे, एक मागे, सावकाश. सासूबाई घाबरून हात धरायला निघाल्या. मी त्यांना थांबवले. आम्ही दोघी बघत बसलो. बऱ्याच वेळाने मी वाकून म्हणाले, "मामंजी, पुरे आता. दमलात."

त्यांनी दोन्ही हात हळूच खाली आणले आणि मुठी सोडल्या, आवाज होऊ न देता.