दुपारी बोलणारी बाई

इथले भुताखेताचे अनुभव मी वाचते ते हसायला. दिग्रसला अब्बांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, मी तिथेच वाढले. करंट नाही तर आवाज नाही, एवढं मला शाळेत जायच्या आधीपासून कळतं. त्यामुळे "तुला भास झाला असेल" असं कोणी लिहू नये... सुरुवात माझ्यापासून झालीच नाही. ऐकलं दुसऱ्यांनी, भोगलं मी.

आमच्याकडे एका संस्थेनं कम्युनिटी रेडिओ काढायचं ठरवलं. पुसद रोडवर खोली घेतली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आणि निवेदक म्हणून मला निवडलं. घरी माझ्या लग्नाची घाई चालली होती. नोकरी लागली तर थांबू, असं अब्बा म्हणाले होते. म्हणून ती खुर्ची मला हवीच होती. ट्रान्समीटर अजून यायचा होता, परवानगीही यायची होती. म्हणजे हवेत काहीच जात नव्हतं — हे नीट लक्षात ठेवा.

टॉवर शेजारच्या गावच्या टेकडीवर उभा करायचा, त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा होता. त्या गावात मी आधी कधी पाय ठेवला नव्हता. संस्थेच्या मॅडमनी सभेत माझं रेकॉर्डिंग लावलं — नमस्कार, सोयाबीनचे भाव, एवढंच. पुढे बसलेली एक म्हातारी उठली.

"हेच थे बाई. रोज दुपारी रेडिओवर बोलते."

"आजी, आमचा रेडिओ सुरूच नाही झाला अजून," मी म्हटलं.

माझा आवाज ऐकून ती मागे सरली. "माह्या सुनेचं लेकरू पोटातच जाईन म्हणे. गेलं. सरपंचाचा बैल मरन म्हणे. मेला. काहून आमच्या मागं लागली तू?"

मला वाटलं, माझ्या मुसलमान नावावरून बोलतायत. पण नाव कोणी विचारलंच नव्हतं. बाकीच्या बायकाही उठल्या. एकीनं दंड धरून मला ओट्यावरून खाली ओढलं. सरपंच म्हणाले, "टॉवर पाह्यजे असन तर हे बाई नोको."

मॅडमना टॉवर हवा होता. "थोडे दिवस मागे राहा गं," म्हणाल्या. एवढ्या शिकलेल्या बाई! माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली, घरच्यांनी माझं लग्न पक्कं केलं. माझ्याविना रेडिओ सुरू झाला आणि गावातली ती दुपारची बाई बंद झाली म्हणे. झालं... तोच माझ्याविरुद्ध पुरावा ठरला. त्या गावाचा मला आजही मनापासून राग आहे.

मग एका सकाळी तीच म्हातारी दुकानात आली. सोबत सून, पुन्हा दिवस गेलेली.

"आता कोनी सांगत नाही, बाई. हे लेकरू राहीन का, येवढं सांग."

मी तिला हाकलणारच होते. काय काय सुनावायचं ते केव्हापासून तयार होतं. तोंड उघडलं... आणि ओठांवर वेगळंच वाक्य आलं. संथ, अगदी निवेदनाच्या सुरात, त्या सुनेचं नाव घेऊन. ते नाव मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

नावापुढचं बाहेर पडायच्या आत मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि आत पळाले. म्हातारी बाहेर बराच वेळ बसून होती.

ते वाक्य माझ्या तोंडी कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. त्यात नावापुढे काय होतं, ते मात्र मला माहीत आहे. सुनेला पाचवा महिना चालू आहे.