सुकऱ्या पेंटरचा हात

खोडाळ्याच्या बाजारात उभं राहून बोट फिरवलं, तर एके काळी दिसेल ती पाटी सुकऱ्या पेंटरची असायची. किराणा, पिठाची गिरणी, अंगणवाडीच्या भिंतीवरची लसीकरणाची घोषणा, जीपच्या मागचं देवाचं नाव. शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर असं की मोखाड्याहून माणसं बोलवायला यायची. त्यांचा 'ळ' जरा पुढे झुकलेला, आणि शिरोरेघ शेवटाला हलकीच वर गेलेली. तेवढ्यावरून हात ओळखू यायचा.

मग फ्लेक्स आला. त्यावर कडी म्हणजे त्यांची मुलगी जयवंती जव्हारला फ्लेक्सच्याच दुकानात डिझाइनला लागली. मी त्याच दुकानात लग्नपत्रिका करते, तिच्या शेजारच्या मशीनवर. 'पोरीनेच बापाच्या पोटावर पाय दिला' असं लोक माझ्यासमोर बोलायचे, आणि मी त्यांना चार शब्द सुनावायची. लोकांना काय जातं बोलायला. सुकऱ्याकाका मात्र तिला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त दुकानात पाय ठेवायचे नाहीत. डबा घेऊन आले तरी बाहेरूनच हाक मारायचे.

जयवंतीने यावर तोड काढली. एका पावसाळ्यात तिने बापाला घरी बसवून कागदावर सगळी अक्षरं लिहून घेतली. काना, मात्रा, अर्धी अक्षरं, आकडे, सगळं. काका कुरकुरायचे. "सुटा सुटा अक्षर कोन लिवतंय? अक्षर शेजाऱ्याला बघून बसतंय." तिने ते कागद स्कॅन केले, एकेक अक्षर साफ करून कळफलकावर बसवलं आणि बापाच्या हाताचा फॉन्ट केला. त्या दिवशी काका पहिल्यांदा आत आले, मला न विचारता माझ्या खुर्चीत बसले आणि पडद्यावरचं स्वतःचं नाव बघत राहिले. "माजाच हाय," म्हणाले. मी चहा मागवला. इतका खुशीत माणूस मी त्या दुकानात दुसरा पाहिला नाही.

गेल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. दिवसभर खाटेवर बसून उजवा हात डाव्या हाताने उचलायचे, बघायचे आणि परत मांडीवर ठेवायचे.

त्यांना एकाच गोष्टीचा घोर होता, बोहाड्याच्या, म्हणजे देवादिकांचे मुखवटे नाचवायच्या गावच्या उत्सवाच्या पाटीचा. आमच्याकडे बोहाड्यात कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. तशी चौकातली पाटी सुकऱ्याची. फ्लेक्स आल्यावरही गावाने ती एक पाटी त्यांच्याकडेच ठेवली होती. यंदा ती दुसऱ्याकडे जाणार, या विचाराने माणूस जेवेना. तेव्हा जयवंतीने शब्द दिला, "बाबा, औंदा पन पाटी तुज्याच हातची लागंल."

तिने त्याच फॉन्टमध्ये पाटी तयार केली. एवढा मोठा फ्लेक्स आमच्या मशीनवर निघत नाही, नाशिकच्या एका प्रेसला पाठवावा लागतो. बाहेर फाईल पाठवायची तर आधी अक्षरं कर्व्ह करायची, म्हणजे अक्षराचं चित्र करून टाकायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मग समोरच्याकडे फॉन्ट असो की नसो, चित्र हलत नाही. पण चित्रात मजकूर बदलता येत नाही, आणि बोहाड्याची तारीख गावकी शेवटपर्यंत पक्की करत नाही. कोणाच्या घरी सुतक निघतं, कधी संबळवाला मिळत नाही. म्हणून गावोगावच्या बोहाड्यांच्या फाईल आम्ही सगळेच कर्व्ह न करता पाठवतो आणि तारीख मागून फोनवर सांगतो. जयवंतीनेही तेच केलं. पीडीएफ केली की फॉन्ट तिच्या पोटात जातो, या भरवशावर ती राहिली.

जातो, पण बघण्यापुरता. तीच पीडीएफ डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून आकडा बदलायला गेलं, की ते त्या मशीनवर फॉन्ट शोधतं. मिळाला नाही तर विचारतं, हा फॉन्ट नाही, त्याच्या जागी कोणता घालू? आणि सुकऱ्या पेंटरचा हात नाशिकच्या मशीनवर कुठून असणार? ऑपरेटरने आपला रोजचा मराठी फॉन्ट घातला. मजकूर बरोबर, तारीख बरोबर. त्याच्या लेखी काम झालं.

फ्लेक्स नाशिकहून परस्पर खोडाळ्यात आला आणि चौकात लागला. आम्ही दोघी जव्हारहून पोहोचलो तेव्हा पोरांनी काकांना खुर्चीसकट उचलून पाटीसमोर आणलं होतं. भोवतीचे लोक म्हणत होते, "सुकऱ्या, तुजाच हात बरं का. झ्याक." पाटी सुकऱ्याची असं आधीच सांगितलेलं, मग कोण कशाला नीट बघतंय. जयवंतीने वर पाहिलं आणि माझा दंड घट्ट धरला. त्या अक्षरांत काकांचं काहीच नव्हतं. पतपेढीपासून कोचिंग क्लासपर्यंत सगळीकडे दिसतात तीच ती ठोकळेबाज अक्षरं.

मी फोन काढला, त्या ऑपरेटरची खरडपट्टी काढायला. तेवढ्यात काकांकडे लक्ष गेलं. ते रडत होते. "हात त मेला माजा," ते जयवंतीला म्हणाले, "अक्षर पन मेला गं."

पोरीने शब्द दिला होता, म्हणजे हे आपलंच, असं त्यांनी धरलं होतं. एकेका अक्षरात ते आपलं दुखणं शोधत होते. जयवंती पायाशी बसून सांगत राहिली, "बाबा, चूक झाली, ही अक्षरं तुजी नाय." पोरगी आपली समजूत काढतेय असं वाटून ते तिच्याच डोक्यावरून डावा हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिने प्रेसला फोन लावला. तीच पीडीएफ परत घ्या, म्हणाली, पण आत घेताना मजकूर म्हणून नको, कर्व्ह म्हणून घ्या. ऑपरेटरने घेतली. "आली की ताई, अक्षरं जशीच्या तशी," तो म्हणाला. एका टिचकीचं काम. मला त्याला शिव्या घालायच्या होत्या, पण जयवंती एवढंच म्हणाली, "छापा."

फ्लेक्स आला तोवर बोहाडा उरकला होता. तिने तो घरीच, खाटेसमोरच्या कुडाला लावला. मी सोबत होते. काका बराच वेळ बघत राहिले. डोळे शिरोरेघेवरून हळूहळू सरकत होते. चेहरा उजळला.

"कोनी लिवला ह्यो?"

"तू, बाबा. तुजाच हात हाय."

ते अर्ध्या तोंडाने हसले. "मला नको समजावू. माजा मी चौकात पायला." परत पाटीकडे बघून म्हणाले, "ह्याचा हात बरा हाय. माजं बुरूश त्याला देऊन टाक."

जयवंतीने कागद दाखवले, मशीनची गोष्ट परत पहिल्यापासून सांगितली. ते मान हलवत राहिले. शेवटी ती थकून "देते" म्हणाली.

सुकऱ्याकाका पाऊस लागायच्या आत गेले. जाताना त्यांना एवढंच ठाऊक होतं, की खोडाळ्यात त्यांच्यापेक्षा बरा हात असलेला कोणी नवा पेंटर आला आहे.