नावापुढची दोन अक्षरं

आमच्या भागातल्या लग्नपत्रिकेत नवरा-नवरी शोधावे लागतात. सबंध पत्रिका निमंत्रक, व्यवस्थापक आणि स्वागतोत्सुक यांनी भरलेली असते आणि प्रत्येकाच्या नावापुढे काहीतरी असतं. सरपंच, माजी सरपंच, चेअरमन, ॲडव्होकेट, गुरुजी. ज्याच्यापुढे लावायला काहीच नसतं त्याला 'प्रगतशील शेतकरी' करून टाकतात, म्हणजे तोही रुसत नाही. एखाद्याचं पद छापायचं राहिलं तर तो लग्नाला येतो, पण जेवत नाही. या पत्रिकांची मी जन्मभर थट्टा करत आले. अशाच एका पत्रिकेमुळे माझा भाऊ माझ्यापासून तुटला, तेव्हापासून थट्टा बंद आहे.

पत्रिकेला तरी कशाला नावं ठेवू? तोडलं मीच.

मी जालन्यात सीए आहे. मोंढ्याच्या रस्त्याला पहिल्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आमचं गाव भोकरदनच्या अलीकडे. सीए व्हायचं खूळ घरात आधी त्याच्या डोक्यात शिरलं. तो जालन्याला एका जुन्या सीएंकडे उमेदवारी करायला राहिला आणि फायनलला आठ वेळा बसला. पेपरांच्या दोन ग्रुपांपैकी एक निघाला. दुसऱ्यात शेवटच्या वेळी सगळे पेपर सुटले, पण पास व्हायला एकूण बेरीजही लागते, तिच्यात पाच मार्क कमी पडले. त्या रात्री तो जेवला, झोपला आणि सकाळी आपल्या नोट्सचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "आता तू बस." प्रत्येक पानावर समासात हिरव्या पेन्सिलीनं बारीक टिपणं होती. मी त्याच नोट्सवर दुसऱ्या खेपेला पास झाले. हुशार तो होता, हे मी आज कुणालाही लेखी द्यायला तयार आहे. तेव्हा द्यायला हवं होतं.

गावानं माझा सत्कार ठेवला. मारुतीच्या पारावर बॅनर लागला, तर त्यावर आम्हा दोघांचे फोटो आणि खाली 'सीए भाऊ-बहीण'. लोकांचा हिशेब सरळ होता. एक म्हातारे तर बोललेच, "ज्यानं शिकवलं त्यो सीए नसंल, आन् शिकली ती हाये, असं कुठं असतं का?" मी दादाकडे पाहिलं, दादानं खाली पाहिलं. दोघांच्या खांद्यावर सारखी शाल पडली, दोघांच्या हातात नारळ आला. आम्ही दोघंही गप्प बसलो. त्या दिवशी मला वाटलं, आपण भावाचं मन राखलं.

पुढं वीस वर्षं दादा माझ्या ऑफिसात होता. सही सोडली तर सगळं तो करायचा. बियाण्यांच्या दुकानदारापासून सळईच्या कारखानदारापर्यंत जो तो जिना चढून विचारायचा, "सीए साहेब हायेत का?" साहेब म्हणजे दादा. मी नुसती 'मॅडम'. दादाही लोकांसमोर मला मॅडम म्हणायचा आणि लोक गेले की बाई. फाईल तपासून झाली की तो शेवटच्या पानावर हिरवी टिक करायचा, माझ्यासमोर ठेवायचा आणि आलेल्या माणसादेखत म्हणायचा, "बराबर हाये, मॅडम. सही करा." पहिली काही वर्षं मी फाईल पुन्हा उघडून बघत असे. नंतर त्याच्या टिकेपलीकडे बघायची गरजच वाटली नाही. लोक त्याला साहेब म्हणतात याचं मला कधी वाईट वाटलं नाही. उलट ते माझ्या सोयीचंच होतं, कारण कटकटी माणसं परस्पर त्याच्याकडे जात.

आम्हा सीएंच्या संस्थेचा नियम मात्र साधा आहे. परीक्षा पास होऊन ज्याचं नाव संस्थेच्या यादीत आहे, त्यानंच नावापुढे ही दोन अक्षरं लावायची. जो सीए नाही त्याला आपल्या नावाआड हे काम करू दिलं, तर आपला परवाना जाऊ शकतो. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. भलत्याच माणसाच्या सहीनं लोक बुडालेले मी पाहिलेत. नियमानं दादाला कधी पाहिलं नव्हतं, एवढंच.

एकदा वडीगोद्रीकडचा एक कंत्राटदार टेंडरसाठी उलाढालीचा दाखला मागायला आला. कागद काही नव्हते, आकडा मात्र तोंडपाठ होता. दादानं त्याला माझ्या खोलीपर्यंतसुद्धा येऊ दिलं नाही. "कागद आना, मंग मॅडम बघतील. कागदाबिगर बिलकुल न्हाई." माणूस शिव्या देत जिना उतरला. त्यानंतर दोनेक महिन्यांत दादाच्या मुलीचं लग्न झालं. भोकरदनला छापलेल्या पत्रिकेत दादाच्या नावापुढे 'सीए' होतं. चुलत्यांनी यादी दिली, गाव म्हणतं ते त्यांनी लिहिलं. मी पत्रिका पाहिली, नेहमीसारखी हसले आणि फ्रिजवर चिकटवली.

ती पत्रिका मला पुन्हा दिसली ती संस्थेकडून आलेल्या पाकिटात. त्या कंत्राटदाराची माझ्याविरुद्ध तक्रार, सोबत पुरावा म्हणून पत्रिकेची रंगीत प्रत. सीए नसलेला माणूस सीए म्हणवून माझ्या ऑफिसात बसतो, मी ते चालू देते, यावर लेखी खुलासा करा. मुलगा इंजिनिअरिंगला होता, घराचे हप्ते चालू होते, पण खरं सांगते, यातलं काहीच मनात आलं नाही. एवढंच आलं की माझं नाव यादीतून गेलं तर मी कोण?

दाखल्यांवरच्या सह्या सगळ्या माझ्याच होत्या, प्रत्येक सहीचा संस्थेच्या पोर्टलवरून काढलेला नंबर होता. त्या बाजूनं भीती नव्हती. संभाजीनगरच्या एका ज्येष्ठ सीएंना फोन केला तर ते म्हणाले, "भावाकडून लिहून घ्या. त्यांच्या हातचं." मी मसुदा टाईप केला आणि दादासमोर ठेवला. समोर बसायचा धीर झाला नाही, खिडकीशी उभी राहिले.

दादानं मसुदा वाचला. सवयीनं पेन्सिल उचलली आणि 'नजरचुकीने छापले गेले' याखाली रेघ मारली.

"बाई, पत्रिकेचं प्रूफ मी वाचलं व्हतं. दोन वेलांट्या चुकल्या व्हत्या, त्या बी काढल्या. मंग ही नजरचूक कशी?"

"दादा, अशा वेळी असंच लिहितात."

"असंच लिहितेत म्हणून तं लोकं अडकून राह्यले."

त्यानं कोरा कागद घेतला आणि एका बैठकीत लिहिलं. 'मी सीए नाही. परीक्षेत आठ वेळा नापास झालो. लोक मला सीए म्हणत असत. मी त्यांना कधी नाही म्हटले नाही, कारण मला बरे वाटत असे. पत्रिकेचे प्रूफ मी वाचले होते. यात माझ्या बहिणीचा काहीही दोष नाही.' खाली सही, तारीख. एकही खाडाखोड नाही.

त्यातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. दादाच्या हातून उतरलेलं, मला ठाऊक असलेलं ते एकुलतं एक खोटं वाक्य. पारावर शाल मीही घेतली होती. वीस वर्षं 'साहेब हायेत का' मीही ऐकलं होतं. कागद हातात आल्यावर मी सगळ्यात आधी तेच वाक्य वाचलं आणि माझा जीव भांड्यात पडला. मी त्याला 'हे काढ' म्हटलं नाही. इंग्रजी भाषांतर करून जोडलं आणि त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दादा वेळेवर आला. हातातल्या तीन फायली संपवल्या, प्रत्येकीवर हिरवी टिक केली, माझ्या टेबलावर ठेवल्या.

"उद्यापासून येत न्हाई, मॅडम."

खोलीत तिसरं कुणी नव्हतं. त्यानं एकांतात मला मॅडम म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी म्हणाले, "अरे, असं काय करतोस, थांब की." पण मी कशी म्हणाले ते माझं मला माहीत आहे. पाहुणा उठला की आपण 'बसा ना' म्हणतो, तसं. मला हायसं वाटलं होतं. संस्थेला पुरवणी पत्रात 'सदर व्यक्ती आता कार्यालयात नाही' असं कळवता येणार होतं. मी तेही कळवलं.

काही महिन्यांनी संस्थेचं पत्र आलं, दोन ओळींचं. प्रकरण बंद. मी पेढे आणले नाहीत.

दादा गावाकडं राहू लागला. शेत बघायचा. कुणी फॉर्म घेऊन आलं तर म्हणायचा, मला त्यातलं समजत न्हाई. एकदा भोकरदनच्या स्टँडवर आम्ही उभे असताना एका ओळखीच्या शेतकऱ्यानं लांबून हाक मारली, "ओ सीए साहेब, कवा आल्ते?" दादा माझ्याकडे बोट करून म्हणाला, "सीए ह्या हायेत. मी न्हाई." शेतकऱ्याला वाटलं गंमत आहे, तो मोठ्यानं हसला. दादाही हसला. मी बसचा बोर्ड वाचत राहिले. सणावाराला मी जायचे, ओवाळायचे, तो ताटात ओवाळणी टाकायचा. भांडण काहीच नव्हतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं.

यंदा माझ्या मुलाचं लग्न ठरलं. पत्रिकेचा मजकूर मी स्वतः केला. आमच्याकडे मामाचं नाव पत्रिकेत मोठ्या अक्षरात असतं. दादाच्या नावापुढे लावायला मला काही सुचेना. 'प्रगतशील शेतकरी' लिहिलं आणि स्वतःचीच शिसारी येऊन खोडलं. शेवटी ठरवलं, कुणाच्याच नावापुढे काही नको. माझ्या नावापुढचं 'सीए' सुद्धा काढलं. मनात म्हटलं, आता तरी ऋण फिटेल.

प्रूफ बघायला मी दादाला बोलावलं. तो सकाळच्या बसनं आला, चहा घेतला, चष्मा लावला आणि खिशातून हिरवी पेन्सिल काढली. ती पेन्सिल पाहून मला रडू यायला लागलं. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुऊन आले. त्यानं एक अनुस्वार घातला, मुहूर्ताची वेळ पंचांगाशी ताडून पाहिली. मग माझ्या नावावर त्याचं बोट थांबलं.

"हे कामून काढलं?"

"तुझ्या नावापुढं नाही, तर माझ्याही नको."

त्यानं कागद जरा लांब धरून पाहिला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "मी सीए न्हाई, हे मी लिहून देलंय. तू कुठं लिहून देलंस?"

त्यानं माझ्या नावापुढे ती दोन अक्षरं लिहिली, नोट्समध्ये लिहायचा तशाच बारीक, गोल अक्षरात. मग 'मामा' या शब्दाखालचं स्वतःचं नाव वाचलं. नावापुढची मोकळी जागा पाहिली. त्या नावाशेजारी हिरवी टिक केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"बराबर हाये, मॅडम," दादा म्हणाला. "छापा आता."