तिसऱ्या मजल्यावरची मासळी

लालबागच्या चाळीत आमची खोली तळमजल्यावर होती. गिरणीतून निवृत्त झालेले माझे सासरे रोज सकाळी पिशवी घेऊन बाजारात जायचे आणि कल्ला उचलून पाहिल्याशिवाय मासा घ्यायचे नाहीत. ऐंशीच्या दशकात मुलुंडला ब्लॉक घेताना आम्ही पाणी पाहिलं, हवा पाहिली, शाळा किती लांब तेही पाहिलं. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, हे सासऱ्यांच्या गुडघ्यांनी आम्हाला नंतर सांगितलं. जिन्याचा कठडा तर असा, की हात टेकला की हलायचा. सासरे हळूहळू घरातच बसले.

मग मासे मी आणू लागले. "गो, ह्यो बांगडो कोणी दिल्यान तुका?" हे सासऱ्यांचं रोजचंच. शेवटी वैतागून मी बाल्कनीतून दोरीला टोपली बांधली. कोळीण खाली गेटपाशी बसायची. तिचेही गुडघे गेलेले, त्यामुळे ती काही जिना चढायची नाही. टोपलीतून बांगडे वर यायचे, सासरे कल्ले उघडून बघायचे, पसंत नाही पडले की टोपली पुन्हा खाली. घासाघीस ओरडून चालायची आणि आमच्याकडे काय शिजणार ते अख्ख्या बिल्डिंगला कळायचं.

एकदा त्यांनी सगळेच बांगडे परत पाठवले. कोळीण उखडली. "वर बसून काय नखरे करतंस रे बाबा? हिंमत हाय तर खाली ये नि निवड!"

सासरे दोरी माझ्या हातात देऊन आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. दुपारी जेवलेही नाहीत. मला तिचा राग आला आणि त्यांच्यासाठी जीव तुटला. खाली उतरण्याशिवाय त्यांना दुसरं हवं तरी काय होतं?

संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्या गुजराती बेन आल्या. कांदा-लसूणही न खाणारं त्यांचं घर, आणि त्यांच्या खिडकीसमोरून आमचे बांगडे चढत-उतरत होते! मी भांडायच्या तयारीने पदर खोचला.

"काका, तुम्ही खाली जा ना," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "मी माझ्या दारात खुर्ची ठेवते. बसा, पाणी प्या, मग जा. पण ते मच्छी लटकवणं बंद करा हां."

ते ऐकून दुसऱ्या मजल्यावरच्यांनीही स्टूल बाहेर काढलं. जिन्यात अडगळ नको म्हणून सेक्रेटरी कुरकुरला, तर बेननी त्यालाच कठडा हलवून दाखवला. पुढे कठडाही पक्का झाला.

सासरे टेकत टेकत उतरू लागले. बेनच्या दारात पाणी प्यायचे, खाली कोळणीशी मनसोक्त भांडायचे आणि घामाघूम होऊन, खुशीत वर यायचे.

मग श्रावण लागला. घरात मासे बंद. तरी सकाळी सासरे चपला घालून दारात.

"मामंजी, आज काय आणणार?" मी विचारलं.

"काय एक हाडूचा नाय गो," ते म्हणाले. "खाली जावन येतंय."