पाच घरांचं काडतुसयंत्र

नगरच्या बाजारात आमचं बंदुकांचं दुकान होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही नवराबायको राहत होतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती दुष्काळाची वर्षं. रानात खायला काही उरलं नाही तशी रानडुकरं विहिरीवरच्या हिरव्या मक्यात घुसायला लागली. नगरला लागूनच्या सावेडीला तेव्हा शेतंच होती. तिथपर्यंत डुकरांचा उपद्रव. पीक राखायला परवान्याची बंदूक घेतलेले शेतकरी रोज काडतुसं मागायला यायचे, आणि कारखान्याची काडतुसं काही मिळायची नाहीत. आमच्या परवान्यात उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून विकायची मुभा होती. सायकलवरून पडल्यापासून ह्यांचा उजवा हात खांद्यातून वर होत नव्हता, त्यात जोरही उरला नव्हता, म्हणून भरायचं काम माझ्याकडे आलं. लाकडी ठोकळा, माप आणि हातोडी घेऊन मी दिवसभर ठोकत बसायची.

पुण्यात एक साहेब देश सोडून चालले होते. त्यांनी काडतुसं भरायची दोन यंत्रं विकायला काढली, म्हणून आम्ही बघायला गेलो. एक लहान होतं, दांडा ओढला की एकच काम करणारं. दुसरं चांगलंच थोराड. त्याच्या गोल चकतीवर पाच घरं होती. एका घरात पुंगळीच्या बुडातली, ठिणगी देणारी जुनी टोपी निघायची, दुसऱ्यात नवी बसायची, मग दारू, मग नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, डाट आणि छर्रे, आणि शेवटी पुंगळीचं तोंड मुडपलं जायचं. दांडा एकदा ओढायचा की पाचही कामं एकदम. मग हातानं चकती एक घर फिरवायची, पुन्हा दांडा.

"तूच ओढून बघ," हे म्हणाले.

मी दोन्ही ओढून पाहिली. "लहान बरंय. काय चाललंय ते दिसतं तरी."

"अगं, ह्यात प्रत्येक दांड्याला एक काडतूस पडतं! दुपारपर्यंत मोकळी होशील."

मोठं यंत्र घरी आलं. ह्यांनी ते जाड फळीवर नटबोल्टानं आवळून मागच्या खोलीत बसवलं. दुपारपर्यंत मोकळी मी एकदाही झाले नाही. लवकर होतात म्हटल्यावर गिऱ्हाईक वाढलं. छर्रे घरभर व्हायचे. तांदूळ निवडताना सापडायचे, अंथरुणात टोचायचे. पण खरा शीण हाताचा नव्हताच. एकाच वेळी पाच ठिकाणी डोळा ठेवावा लागायचा. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची सोय नव्हती.

एके दिवशी दांडा ओढला आणि गल्लीत टँकर आल्याची ओरड झाली. मी हंडे घेऊन धावले. पाणी भरून परत आले, तशीच ओले हात पदराला पुसून बसले, चकती फिरवली आणि कामाला लागले.

पुढच्याच आठवड्यात केडगावचा एक शेतकरी आला. नेहमीचं गिऱ्हाईक. बंदूक त्यानं अशी आडवी धरली होती, जसं काही आजारी पोर आणलंय.

"वयनी, बार झालाच न्हाई. नुसतं फुस्स केलं."

हे पुढं झाले. "मग दुसरं काडतूस घातलंत?"

"घालनारच हुतो. डुक्कर म्होरंच हुबं. पन आमची मंडळी म्हनली, आवाज असा कसा आला, आदी नळीत बघा. बघितलं तर पलीकडचा उजेडच दिसंना."

ह्यांनी नळीत गज घातला. दाबल्यावर डाट निघाला आणि मागून छर्रे टेबलावर सांडले. त्या पुंगळीत दारू पडलीच नव्हती. नुसत्या टोपीच्या जोरानं डाट नळीत जाऊन अडकला होता. त्यावर दुसरा बार काढला असता तर नळी त्याच्या तोंडावर फुटली असती. हे सगळं त्यालाही कळत होतं. त्यानं पाणी मागितलं आणि उभ्यानंच प्यायला.

तो गेल्यावर हे खुर्चीत बसले. "टँकर आला त्या दिवशी चकती मी फिरवून ठेवली होती," ते म्हणाले. "म्हटलं, तू आलीस की तुला तेवढंच कमी."

"मी पण फिरवली," मी म्हणाले.

एक पुंगळी दारूचं घर न थांबता ओलांडून गेली होती. भांडायला काही नव्हतंच. त्या दिवसापासून ज्यांना ज्यांना दिली होती त्यांना निरोप धाडून काडतुसं परत आणली आणि मी सुरी घेऊन एकेक फोडत बसले. दारू डब्यात, छर्रे वाटीत. सगळ्यांत दारू नीट होती. तरी फोडली.

त्यानंतर पाच घरांच्या त्या यंत्रात आम्ही एका वेळी एकच पुंगळी घालायला लागलो. ती पाचही घरं फिरून बाहेर पडली की मगच दुसरी. दारूचं घर सोडून पुढं आली की हे बॅटरीचा उजेड आत टाकून बघायचे आणि "हं" म्हणायचे. हं आला की मी दांडा ओढायची. ठोकळ्यावर व्हायची त्याहून फार जास्त काडतुसं होत नव्हती. पुढं पाऊसपाणी बरं झालं, कारखान्याचा माल मिळू लागला, तेव्हा सोलापूरकडच्या एका दुकानदारानं ते यंत्र नेलं. तोवर मात्र रोज तेच.

संध्याकाळी भाकऱ्यांना उठायची तेव्हा माझ्या मनगटात जीव नसायचा. हे डावा हात पुढं करायचे.

"आण, पीठ मी मळतो."

एका हातानं ते काही नीट मळलं जायचं नाही. मी परात त्यांच्याकडे सरकवायची आणि तेवढा वेळ भिंतीला टेकून बसायची.